दुकानाची पायरी आणि समाजाची ठेव

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)

सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून किराणा दुकानाविषयी बोलावे, हे काहींना थोडे चमत्कारिक वाटेल. अशा प्रसंगी शिक्षण, संस्कार, संघटन या विषयांवर भाषणे होतात आणि ती व्हावीतही. तथापि या सभागृहातील अनेकांच्या घरी दोन-तीन पिढ्यांपासून तागडी आहे. ज्यांच्या घरी ती नाही, त्यांच्या घरचे मीठ-मिरची तरी कोणत्या ना कोणत्या दुकानातूनच येते. त्यामुळे आजचा विषय आपल्या घरचाच आहे.

आपल्यासमोर मला एकच विचार मांडायचा आहे. पन्नास वर्षांत न्यासाजवळ समाजाच्या दानातून बऱ्याच वस्तू जमल्या. मंगलकार्याची भांडी, सतरंज्या, खुर्च्या, पुस्तके, रुग्णांसाठी घेतलेल्या चाकांच्या खुर्च्या व कुबड्या अशी ही ठेव आहे. परंतु बहुतेक न्यासांचे कार्यालय दिवसातून दोन-तीन तासच उघडे असते आणि किल्ली कोणाजवळ आहे हे शोधण्यातच गरजवंताची सकाळ जाते. उलटपक्षी कोपऱ्यावरचे किराणा दुकान पहाटेच्या दुधापासून रात्री नवापर्यंत उघडे असते. न्यासाजवळ वस्तू आहेत आणि दुकानाजवळ वेळ आहे. या दोहोंची सांगड घालता आली, तर आपल्या दानाचा उपयोग कितीतरी वाढेल. ही सांगड कशी घालावी आणि ती घालताना कोणते धोके टाळावेत, याचा विचार आज करू.

प्रथम हे दुकान काय होते ते आठवू. नव्या पिढीला लोखंडी शटर माहीत आहे. पूर्वी लाकडी फळ्या एकेक करून खोबणीत बसवल्या की दुकान बंद होई आणि काढल्या की उघडे. दुकानापुढे एक ओटा असे. ओट्यावर जोंधळ्याचे पोते, गुळाची ढेप, घासलेटचा डबा आणि एक वर्तमानपत्र. ते वर्तमानपत्र दुकानदार विकत घेई, परंतु वाचीत ते पंचवीस जण. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते ऐकत. पायली, शेर, मापटे, चिपटे ही मापे एका ओळीत मांडलेली असत. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा शेराचे किलो कसे होतात हे गावातील बायाबापड्यांना शाळेच्या अगोदर दुकानाच्या ओट्यावरच समजले.

पत्रव्यवहाराचेही तसेच. ज्यांच्या घराला धड पत्ता नव्हता, ते आपली पत्रे अमुक किराणा दुकानाच्या मार्फत मागवीत. पुढे दूरध्वनी आला. तो गल्लीत एखाद्याच घरी वा दुकानात असे. लग्नपत्रिकेवर क्रमांक छापला जाई आणि त्यापुढे कंसात 'पी. पी.' अशी दोन अक्षरे. हा दूरध्वनी शेजाऱ्याचा आहे, कृपया निरोप द्यावा, असा त्याचा अर्थ. कितीतरी सोयरिकी, कितीतरी जन्ममृत्यूंच्या वार्ता या दोन अक्षरांवर विसंबून घरोघर पोचल्या आहेत. दुकानातील पोऱ्या धावत जाऊन हाक मारी, 'काकू, पुण्याचा फोन आलाय.' त्यासाठी कोणी मोबदला देत नसे आणि मागतही नसे. गावाला जाताना घराची किल्ली दुकानात ठेवली जाई. शाळेतून लवकर सुटलेले मूल आई येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसे. म्हातारी दोन दिवस दुधाला आली नाही, तर दुकानदाराच्या ते प्रथम लक्षात येई. नगरपालिकेने न बांधलेले आणि कोणत्याही न्यासाने न नोंदवलेले असे ते समाजाचे सभागृहच होते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गिरणगाव आहे. तेथील विणकर व इतर कारागीर हलाखीत होते. दुकानांत मिळणाऱ्या पिठात भेसळ, वजनात खोट आणि शिवाय उधारीचा फास, अशी त्यांची अवस्था होती. अठ्ठावीस जणांनी एकेक पौंड जमवून २८ पौंडांचे भांडवल उभे केले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या रस्त्यावर एक लहानसे दुकान उघडले. विक्रीला काय होते, तर लोणी, साखर, पीठ, ओटचा भरडा आणि थोड्या मेणबत्त्या. माल शुद्ध, वजन पुरते, व्यवहार रोखीचा आणि उरलेला नफा प्रत्येकाच्या खरेदीच्या प्रमाणात परत, असे त्यांचे नियम होते. आजच्या सहकारी चळवळीचा उगम जग या दुकानात पाहते.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. काही वर्षांतच या मंडळींनी दुकानाच्या वरच्या मजल्यावर वाचनालय सुरू केले. नफ्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियम केला. गिरणीत दिवसभर राबणारा माणूस साखर घ्यायला येई आणि जिना चढून वृत्तपत्र वाची. ज्या जागी माणूस नाइलाजाने रोज येतो, त्याच जागी ज्ञान ठेवले पाहिजे, हे त्या अल्पशिक्षित माणसांना उमगले होते. आपण वाचनालयासाठी स्वतंत्र इमारत बांधतो, उद्घाटन करतो, आणि पुढे तेथे वाचकच येत नाहीत अशी खंत व्यक्त करतो.

आपल्या देशातही हा विचार लवकर रुजला. चेन्नईतील ट्रिप्लिकेन भागातील ग्राहक सहकारी संस्था १९०४ सालची. मुंबईच्या नायगावातील कामगारांनी १९४८ मध्ये जे भांडार सुरू केले, तेच पुढे 'अपना बाजार' या नावाने घरोघरी पोचले. आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानाशिवाय दुकान चालवण्याची रीत घालून दिली. एका परिसरातील काही कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात. प्रत्येक घर महिन्याची यादी देते. पंचायत घाऊक बाजारातून माल आणते. ठरलेल्या दिवशी तो एका सभासदाच्या घरी उतरतो आणि सभासदच यादीप्रमाणे त्याची वाटणी करतात. म्हणजे महिन्यातून एक दिवस कोणाच्या तरी घराचा दिवाणखाना हेच दुकान होते. डाळ-तांदळाची वाटणी करता करता शेजारणी एकमेकींची सुखदुःखे जाणून घेतात. पैशाची बचत होते हे खरेच, पण जागा, वेळ आणि श्रम यांचीही वाटणी होते, हे या योजनेचे मर्म आहे.

आपल्या दक्षिण महाराष्ट्रात तर याहून जवळचे उदाहरण आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटाला घालायचे कोठून, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी मोठ्या देणगीदारांची वाट पाहिली नाही. घरोघरच्या गृहिणींनी स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवावे, अशी मुष्टिफंडाची योजना त्यांनी राबवली. एका मुठीने कोणतेही घर उपाशी राहत नाही. अशा मुठी एकत्र आल्या आणि बहुजनांची मुले शिकली. दान श्रीमंतानेच करायचे असते ही समजूत त्या मुठीने खोडून काढली.

येथवर दुकानाची उजळ बाजू सांगितली. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही, आणि व्यापारी समाजासमोर तर ती सांगितलीच पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. तो आसपासच्या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यात पसरला. इतिहास त्याला दख्खनचे दंगे म्हणतो. जमावाचा मुख्य रोख कर्जरोख्यांच्या कागदांवर होता. ते कागद मिळवायचे आणि जाळायचे. हे कागद ज्यांच्याजवळ होते, त्यांपैकी अनेक जण सावकार होते आणि दुकानदारही होते. एकाच ओट्यावर मीठ विकले जाई आणि जमीन गहाण पडे. ज्या वहीने अडल्या घरात चूल पेटे, तीच वही पुढे घर गिळून टाकी. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, इतकी ती जखम खोल होती.

रॉचडेलच्या मंडळींनी उधारी बंद ठेवली ती याच भीतीने. आपल्याकडील दुकानांत 'आज रोख, उद्या उधार' अशी विनोदी पाटी लावलेली असते, पण तीत व्यवहारापलीकडचे शहाणपण आहे. याचा अर्थ उधारी मुळीच नको असा मी करीत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याला पावसाळ्यातील चार दिवस काम नसते, तेव्हा दुकानाची वहीच त्याला तारते. प्रश्न असा आहे की ती वही दोघांना वाचता येते का. घेणाऱ्याजवळही तिची प्रत आहे का. भाव रोखीचाच लावला आहे, की उधारीचा म्हणून वाढवला आहे. वहीतील आकड्याचा धाक दाखवून त्याला दुसऱ्या दुकानी जाण्यापासून अडवले जाते का. या प्रश्नांची उत्तरे स्वच्छ असतील, तर उधारी हा शेजारधर्म होय. नसतील, तर ते नव्या नावाचे जुनेच गहाणखत होय.

आपल्या आचार्यांना बाजार चांगला ठाऊक होता. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान म्हणजे देण्याचे माप कमी व घेण्याचे माप जास्त ठेवणे, आणि प्रतिरूपकव्यवहार म्हणजे चांगल्या मालात हलका माल मिसळणे, हे दोन अतिचार आहेत. श्रावकाच्या व्रतांचा विचार करताना त्यांची दृष्टी थेट तागडीवर आणि पोत्यावर गेली, ही लहान गोष्ट नाही. बारा व्रतांतील अतिथिसंविभाग या व्रताच्या नावातच संविभाग हा शब्द आहे. आपल्यासाठी सिद्ध केलेल्या अन्नातून योग्य भाग आदराने काढणे, असा त्याचा भाव आहे. मूळ व्रत त्यागी व व्रती यांना आहार देण्यासंबंधी आहे, हे मी जाणतो. परंतु देणारा उंचावर आणि घेणारा खाली असा भेद त्या व्रतात नाही, एवढे आजच्या विषयापुरते आपण ध्यानात घेऊ.

अलीकडच्या दोन प्रसंगांनी दुकानाचे महत्त्व पुन्हा सिद्ध केले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले. बाजारपेठा बुडाल्या, पोती भिजली, वर्षाची कमाई वाहून गेली. पूर ओसरल्यावर घराघरांत चिखल होता आणि खिशात पैसा नव्हता. अशा वेळी ज्या गल्लीत ओळखीचे दुकान होते, तेथे पहिला शिधा पावतीशिवाय मिळाला. पुढे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. सारे बंद असताना किराणा दुकाने उघडी राहिली. दुकानापुढे चुन्याची वर्तुळे आखून माणसे अंतर ठेवून उभी राहिली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना पिशव्या घरपोच गेल्या. कोणाच्या घरी किती माणसे आहेत, कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा परगावी अडकला आहे, ही यादी कोणत्याही कार्यालयात नव्हती. ती दुकानदाराच्या डोक्यात होती.

आज हे दुकान अडचणीत आहे. मोठ्या साखळी दुकानांशी त्याची स्पर्धा होतीच. २०२१ नंतर मोठ्या शहरांत काही मिनिटांत माल दारात आणून देणाऱ्या सेवा वाढल्या. त्या वापरणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण आजारी माणसाला व नोकरदार गृहिणीला त्यांचा आधार आहे. परंतु दारावरची घंटा वाजवून निघून जाणाऱ्या मुलाला आपल्या घरातील आजोबांचे नाव माहीत नसते, आणि ते माहीत करून घ्यायला त्याला वेळही दिलेला नसतो. दुकान बंद पडले तर आपण मालाला मुकणार नाही. दहा रुपयांचे तेल सुटे घेणारी मोलकरीण, आणि बोलायला कोणी नाही म्हणून रोज एकच वस्तू घेऊन जाणारे आजोबा, यांची मात्र पंचाईत होईल. आणि त्यांचा आवाज अशा सभागृहांत सहसा पोचत नाही.

यास्तव सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने पुढील गोष्टींचा विचार करावा, असे मी सुचवतो.

पहिली गोष्ट रुग्णोपयोगी साहित्याची. दुकानात जागा नसते, हे मला मान्य आहे. म्हणून साहित्य न्यासाच्या खोलीतच असू द्यावे. दुकानात फक्त खोलीची किल्ली आणि नोंदवही ठेवावी. कोणाचे वडील रात्री आठला रुग्णालयातून घरी आले, तर चाकांची खुर्ची त्याच रात्री मिळाली पाहिजे. घेणाऱ्याने नाव, तारीख व परत करण्याचा दिवस लिहावा, अल्प अनामत ठेवावी आणि ती परत न्यावी. अनामत देणे ज्याला शक्य नाही, त्याच्याकडून ती घेऊ नये. मंगलकार्याची भांडी व सतरंज्या यांनाही हीच पद्धत लावता येईल. सार्वजनिक न्यासाला आपल्या मालमत्तेची नोंद व हिशेब ठेवावाच लागतो. ही वही त्याला पूरकच ठरेल.

दुसरी गोष्ट मुठीची. ग्राहकाने आपल्या महिन्याच्या यादीत स्वखुशीने एक जिन्नस वाढवावा, मग ती एक किलो तूरडाळ असो वा गुळाची लहान ढेप. दुकानदाराने तो न्यासाच्या खात्यावर लिहावा. ज्या घराला गरज आहे, त्या घराने इतरांसारखीच यादी द्यावी आणि इतरांसारखीच बांधलेली पिशवी न्यावी. पैसे कोणी दिले हे पिशवीवर लिहिलेले नसावे. छायाचित्र नसावे, फलक नसावा. शिध्याच्या पाकिटावर दात्याचे नाव छापण्याची रीत अलीकडे फार बोकाळली आहे. ते पाकीट हातात घेऊन गल्लीतून घरी जाणाऱ्या माणसाच्या मनाचा विचार आपण करावा. दरमहा एकूण किती जमले व किती दिले, एवढाच आकडा दुकानात लावावा. नावे फक्त दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावीत, आणि त्यांपैकी एक भगिनी असावी, कारण घरातील खरी अडचण पुरुषाआधी बाईला कळते आणि ती बाईजवळच बोलते.

तिसरी गोष्ट सामूहिक खरेदीची. वर्षाचा गहू, तूर, गूळ व हळद वीस-पंचवीस घरांनी मिळून घेतली तर भावात फरक पडतो. परंतु ही खरेदी कोपऱ्यावरच्या दुकानाला डावलून करू नये. मागणी एकत्र करणे, माल निवडणे व वाटणे या कामासाठी त्याचा वाजवी मेहनताना आधी ठरवावा. नफा कमी, पण खात्रीचा, असे त्याला मिळेल आणि आपणास शुद्ध माल मिळेल.

चौथी गोष्ट अगदी लहान आहे. दुकानापुढे एक बाक, भिंतीवर एक फळा आणि एक पुस्तकांची फळी. बाकावर वृद्धांनी टेकावे. फळ्यावर रक्तदात्याची निकड, हरवलेली वस्तू, शिकवणी, वधूवरांची सूचना लिहावी. फळीवरचे पुस्तक न विचारता न्यावे आणि वाचून आणून ठेवावे. काही पुस्तके परत येणार नाहीत. न्यासाच्या कपाटात कुलूपबंद राहून त्यांना वाळवी लागते, त्यापेक्षा ती कोणाच्या तरी घरी राहिलेली बरी.

यावर काही आक्षेप येतील. एकाच दुकानाला हे काम दिले तर इतर दुकानदार नाराज होतील. त्यावर उपाय असा की, वॉर्डनिहाय वेगवेगळी दुकाने निवडावीत आणि दर दोन वर्षांनी फेरविचार करावा. दुकानदार आपल्या ओळखीच्यांनाच वस्तू देईल, अशीही शंका येईल. नोंदवही सर्वांना पाहता येत असेल, तर पक्षपात फार काळ लपत नाही. शिळा वा मुदत संपलेला माल गरिबाच्या पिशवीत जाण्याचा धोकाही आहे, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. जे आपण आपल्या घरी नेणार नाही ते त्या पिशवीत जाता कामा नये, हा नियम लेखी असावा. हे सर्व फक्त आपल्या समाजापुरते ठेवायचे का, असेही विचारले जाईल. माझे उत्तर नाही असे आहे. दुकानाच्या पायरीवर कोणी जात विचारीत नाही. न्यासाच्या वस्तू त्या पायरीवर आल्या की त्यांनाही तोच नियम लागू व्हावा.

सरतेशेवटी विश्वस्तांना एक विनंती. यासाठी नवी इमारत नको, मोठा निधी नको. येत्या पर्युषणापूर्वी एका दुकानदार बंधूंशी बोलावे, एक वही बांधून घ्यावी आणि खोलीच्या किल्लीची दुसरी प्रत करावी. वर्षभर तेवढ्यावर काम चालवून पाहावे आणि जे अनुभवास येईल ते पुढच्या वार्षिक सभेत आकड्यांनिशी मांडावे. चांगले ठरले तर वाढवावे, चुकले तेथे सुधारावे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हा न्यास उभारला, त्यांनीही पुष्कळ गोष्टी अशाच लहान वहीपासून आरंभिल्या असतील.